तीन फुटांची सुनावणी

सकाळी ६:००

आज रात्री साडेसातला गावच्या झोनिंग बोर्डापुढे एका गॅरेजची सुनावणी आहे. मी न्यू जर्सीत परवानाधारक प्लॅनर म्हणून काम करते. माझ्याकडे मॉल आणि टॉवर क्वचितच येतात. येतं ते एखादं घर, त्याचं कुंपण आणि कुंपणालगतची थोडी जागा. आजचा प्लॉट ५० फूट रुंद आणि १०० फूट खोल आहे. घर १९२८ सालचं. मागच्या अंगणात एक गाडी राहील एवढं, १२ बाय २२ फुटांचं स्वतंत्र गॅरेज बांधायचं आहे. गावच्या नियमाप्रमाणे अशा गॅरेजला बाजूच्या आणि मागच्या हद्दीपासून ५ फूट सामासिक अंतर सोडावं लागतं. मागे तेवढं सुटतं. बाजूला मात्र अर्जदारांनी २ फूट दाखवले आहेत, म्हणजे ३ फुटांचा व्हेरिअन्स, नियमातून सूट, मागितली आहे.

चहा घेताना सगळ्यात आधी नोटिशींचे कागद काढते. इथल्या कायद्यानुसार प्लॉटच्या २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे, त्या प्रत्येकाला सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस पोचवावी लागते, हातोहात किंवा सर्टिफाइड मेलने. मालकांची प्रमाणित यादी गावच्या कार्यालयातून मिळते. जाहीर सूचनाही तितकीच आधी प्रसिद्ध व्हावी लागते. यात एक नाव जरी सुटलं तरी बोर्डाला प्रकरण ऐकण्याचा अधिकारच राहत नाही आणि तारीख पुढे ढकलावी लागते. म्हणून यादीतलं एकेक नाव आणि पोस्टाची एकेक पावती समोरासमोर ठेवून जुळवते. काम कंटाळवाणं आहे, पण ते मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. पलीकडे राहणाऱ्याला कळलंच नाही, अशी सुनावणी व्हायलाच नको.

फाइलमध्ये एक जुना फोटो आहे. याच जागी पूर्वी एक लाकडी गॅरेज होतं, हद्दीपासून दीड फुटावर. पाया खचला, छप्पर बसलं आणि आधीच्या मालकांनी ते पाडून टाकलं. अर्जदारांना वाटत होतं, आधी होतंच तर पुन्हा बांधायला परवानगी कशाला? कायदा मात्र इथे स्पष्ट आहे. नियम येण्याआधीचं बांधकाम तसंच ठेवता येतं, त्याची थोडीफार पडझड झाली तर दुरुस्तही करता येतं. पण ते पूर्ण पाडलं की त्याचा जुना हक्क त्याच्याबरोबर जातो. पुढचं बांधकाम आजच्या नियमात बसवायचं, नाहीतर बोर्डापुढे यायचं.

सकाळी ७:४५

रात्रभर पाऊस पडून गेला आहे, म्हणून आधी प्लॉटवर जाते. कोरड्या दिवशी अंगण सपाट दिसतं. पावसानंतर जमीन आपला उतार दाखवते.

सांगलीहून आलेले काका, म्हणजे अर्जदाराचे वडील, जाकीट घालून बाहेरच उभे आहेत. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस. त्यांनी ओल्या गवतावर काठीने रेघ ओढून ठेवली आहे.

"ताई, हे बघा. पाणी सगळं उत्तरेला चाललंय. शेजारच्या आजींच्या कुंपणाशी थांबतंय."

खरंच तसं आहे. कुंपणाच्या बुडाशी हातभर रुंद पट्टा पाण्याने भरला आहे आणि पलीकडे आजींच्या तळघराची जमिनीलगतची खिडकी दिसते. अजून गॅरेजचा पत्ता नाही आणि तरी ही अवस्था. वहीत हिशेब मांडते. गॅरेजचं छप्पर २६४ चौरस फूट. त्यावर १ इंच पाऊस पडला की २२ घनफूट पाणी, म्हणजे सुमारे १६५ गॅलन, लिटरमध्ये सव्वासहाशेच्या आसपास. छप्पर दोन्ही बाजूंना उतरतं असल्याने त्यातलं निम्मं आजींच्या दिशेने येणार. पन्हळीतून ते नीट गोळा केलं नाही तर प्रत्येक मोठ्या सरीत त्यांच्या कुंपणाशी तीनशे लिटर जादा पाणी.

काका म्हणतात, "शोषखड्डा घ्या. पन्हळ दोन्ही बाजूंना लावा आणि पाणी आपल्याच अंगणात मुरवा. चार बाय चार बाय चारचा खड्डा, आत गोटे भरायचे."

मी गुणाकार करून पाहते. ६४ घनफुटांच्या खड्ड्यात गोट्यांमधली पोकळी साधारण ४० टक्के धरली तर २५ घनफुटांवर पाणी मावतं. एका इंचाच्या पावसाला पुरून उरतं. खड्डा दोन्ही घरांच्या तळघरांपासून लांब, अंगणाच्या मागच्या दक्षिण भागात घ्यायला जागा आहे. तिथेच एक जुना ओक उभा आहे, त्याच्या मुळांपासून मात्र दूर राहायला हवं. खुणेसाठी खुंटी ठोकून घेते.

सकाळी ९:३०

टाउनशिपचं कार्यालय. बोर्डाच्या सेक्रेटरींच्या हातात नोटिशींचा पुरावा आणि शपथपत्र देते. नकाशे आणि अर्ज सुनावणीच्या १० दिवस आधीपासून इथे लोकांना पाहण्यासाठी ठेवलेले असतात. कोण पाहून गेलं ते मी विचारत नाही. ज्याला पाहायचं त्याला ते निवांत पाहता यावं.

बोर्डाच्या इंजिनीअरचं परीक्षण-पत्र पुन्हा वाचते. त्यांचे मुद्दे दोनच आहेत. पाण्याचा निचरा कसा करणार? आणि हद्दीलगतच्या भिंतीचं आगीपासून संरक्षण कसं होणार? पहिल्याचं उत्तर काकांनी सकाळीच देऊन ठेवलं. दुसऱ्याचं उत्तर बांधकाम संहितेत आहे. हद्दीपासून ५ फुटांच्या आत येणाऱ्या भिंतीला १ तासाची आगरोधकता लागते आणि ३ फुटांच्या आत असेल तर त्या भिंतीत खिडकी-दार काही ठेवता येत नाही. सामासिक अंतरामागचं एक मोठं कारणच आग आहे. लाकडी घरांच्या या देशात एका घराची आग दुसऱ्या घराला लागू नये, बंबवाल्यांना मध्ये शिडी लावता यावी, यासाठी ही मोकळी जागा राखलेली असते.

सकाळी ११:००

ऑफिसात बसून साक्षीचा मसुदा शेवटचा तपासते. रात्री मला शपथेवर बोलायचं आहे, म्हणून प्रत्येक वाक्य कागदावर ताडून घेते.

शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती लांब बांधायचं, हे सरकारने ठरवावं की मालकाने, हा वाद अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी झाला. १९१६ साली न्यूयॉर्क शहराने इमारतींची उंची, आकार आणि वापर यांवर शहरभर लागू होणारी नियमावली आणली. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड नावाच्या गावाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि झोनिंगला घटनात्मक मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियातल्या रोआनोक शहराचं प्रकरण आलं. रस्त्यापासून किती मागे बांधायचं, यावर तिथल्या मालकाने आक्षेप घेतला होता. न्यायालयाने ती रेषाही वैध ठरवली. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिले.

पण त्याच काळात केंद्राच्या वाणिज्य खात्याने राज्यांसाठी जो नमुना कायदा काढला, त्यात एक दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. सगळ्या जमिनी सारख्या नसतात. कुठे प्लॉट अरुंद, कुठे उतार, कुठे खडक. सर्वांना एकच माप लावलं तर काहींवर अन्याय होतो. म्हणून अपील ऐकायला बोर्ड आणि व्हेरिअन्सची सोय. न्यू जर्सीचा आजचा कायदा १९७५ सालचा, म्युनिसिपल लँड यूज लॉ. त्याने आपले हेतू सुरुवातीलाच सांगितले आहेत. पुरेसा उजेड, हवा आणि मोकळी जागा मिळावी. आग, पूर आणि इतर आपत्तींपासून सुरक्षितता राहावी. व्हेरिअन्स मागणाऱ्याने हे हेतू रोज डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत. नियमाच्या अंकात सूट मिळू शकते, त्याच्या हेतूत नाही.

आमच्यासारख्या प्रकरणाला दोन वाटा आहेत. पहिली अडचणीची. जमिनीचा अरुंदपणा, आकार, चढउतार किंवा तिच्यावर आधीपासून कायदेशीर उभं असलेलं बांधकाम, यामुळे नियम पाळणं खरोखर जड जातं हे दाखवायचं. दुसरी वाट फायद्याची. नियमापासून थोडं हटल्याने कायद्याचा एखादा हेतू अधिक चांगला साधतो आणि त्याचा लाभ नुकसानापेक्षा ठळकपणे मोठा आहे, हे सिद्ध करायचं. वाट कुठलीही घेतली तरी शेवटची कसोटी दोन्हींना आहे. लोकहिताला मोठी बाधा येऊ नये आणि गावच्या नियोजनाचा गाभा ढळू नये.

आमची वाट पहिली. या झोनमध्ये आज प्लॉट किमान ६० फूट रुंद लागतो, हा ५० फुटांचाच आहे. घर सुमारे शतकभर जिथे आहे तिथेच आहे, ते सरकवता येत नाही. १९९९ साली नॉर्थ काल्डवेलच्या एका अरुंद प्लॉटवरच्या पोहण्याच्या तलावाच्या प्रकरणात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की व्हेरिअन्सशिवाय जमीन अगदीच निरुपयोगी ठरते, असं दाखवण्याची गरज नाही. अडचण जमिनीच्या विशेष स्थितीतून आली आहे, एवढं दिसलं पाहिजे. हे वाक्य मी साक्षीत ठेवते.

दुपारी १:०५

उन्हाळी वेळ लागू झाल्याने मार्चअखेरीस आमच्याकडे सूर्य साधारण या सुमाराला दक्षिणेला सर्वात उंच असतो. सावली मोजायची असेल तर बारा वाजता जाऊन उपयोग नाही.

पुन्हा प्लॉटवर. गॅरेजच्या वळचणीची उंची ८ फूट धरली आहे, म्हणून ८ फुटांची लाकडी पट्टी बरोबर आणली आहे. आधी हद्दीपासून २ फुटांवर उभी करते. सावली साडेसहा फुटांच्या जवळपास. म्हणजे साडेचार फूट सावली आजींच्या बाजूला. मग पट्टी ३ फुटांवर. आता पलीकडे साडेतीन.

आजी मागच्या पायऱ्यांवरून खाली येतात. वय ऐंशीच्या पुढे. हातात बागेचे मोजे. त्यांना नोटीस मिळाली आहे आणि त्यांना हे गॅरेज नको आहे, हे त्या पहिल्याच वाक्यात सांगतात. कुंपणाशी त्यांचा टोमॅटोचा वाफा आहे, दरवर्षी तिथेच. त्यावर सावली येईल. आणि तळघरात पाणी आधीच येतं, ते वाढेल.

मी त्यांना पट्टी दाखवते आणि महिन्यांचा हिशेब सांगते. टोमॅटो मे महिन्यात लावतात. जूनच्या मध्यावर सूर्य इतका वर येतो की ८ फुटांच्या वळचणीची मध्यान्हीची सावली अडीच फुटांच्याही आत राहते. भिंत ३ फुटांवर असेल तर ती सावली आमच्याच अंगणात पडेल. २ फुटांवर असेल तर थोडी त्यांच्या वाफ्यावर येईल. ऑगस्टअखेरीस सावली ५ फुटांपर्यंत लांबते, तेव्हा ३ फुटांवरच्या भिंतीचीही २ फूट त्यांच्याकडे. डिसेंबरात सोळा फुटांच्या वर जाते, पण तेव्हा वाफा रिकामा असतो. सकाळ-संध्याकाळची सावली वेगळी, तीही मी त्यांना सांगते, लपवत नाही.

आजी वाकून खुणा पाहतात. मग विचारतात, "३ फुटांवर का नाही बांधत?"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो कुंपणाशी उभं राहूनच सुचू शकतो. मी त्यांना सांगते की मालकांशी आणि आर्किटेक्टशी बोलून बघते, आणि रात्री त्यांनी सुनावणीला यावं. आपलं म्हणणं त्यांनी स्वतः बोर्डापुढे मांडावं. अर्जदाराच्या बाजूची असले तरी मला त्यांची साक्ष हवी आहे, कारण त्या म्हणतात त्यात तथ्य आहे. बोर्डाच्या सदस्यांशी आधी बोलणं मात्र मला किंवा त्यांना कुणालाच चालत नाही. जे बोलायचं ते उघड सुनावणीत.

दुपारी २:४५

आर्किटेक्टच्या टेबलावर गाडीचा मार्ग आखतो. घराची उत्तर भिंत हद्दीपासून १० फुटांवर आहे आणि त्या पट्ट्यातून ड्राइव्ह-वे मागे जातो. घराच्या मागच्या भिंतीपासून गॅरेजच्या तोंडापर्यंत १३ फूट. दार गॅरेजच्या अगदी मधोमध नाही, हद्दीकडे थोडं सरकवलेलं आहे. गॅरेज नियमाप्रमाणे ५ फुटांवर ठेवलं तर दाराचा मध्य हद्दीपासून साडेदहा फुटांवर येतो. ड्राइव्ह-वेतून येणाऱ्या गाडीचा मध्य ६ फुटांवर असतो. पंधरा-सोळा फूट लांबीची गाडी १३ फुटांत साडेचार फूट बाजूला न्यायची, तर मागचं टोक घराच्या कोपऱ्याला घासतं. खरी अडचण ही आहे आणि ती मापाने दाखवता येते.

आता गॅरेज ३ फुटांवर ठेवून पाहतो. दाराचा मध्य साडेआठ फुटांवर येतो, गाडीला अडीच फूट सरकायचं. आर्किटेक्ट वळणाचा साचा कागदावर ठेवतो. चाक घराच्या कोपऱ्यापासून सुटतं. जागा ऐसपैस नाही, पण गाडी आत जाते.

दुसरा मार्ग होता अंगणाच्या मधोमध गॅरेज घेऊन समोर मोठा काँक्रीटचा पट्टा ओतण्याचा. त्यात ओक जातो, पाणी मुरायची जमीन झाकली जाते आणि आजींचं तळघर आणखी ओलं होतं. नियमात बसूनही ते शेजाऱ्याला जास्त त्रासाचं ठरलं असतं. हा पर्याय आम्ही तपासला आणि का सोडला, हे नकाशावर लिहून ठेवतो. बोर्ड ते विचारणारच.

मालकाला फोन लावते. एक फूट कमी मागायचं म्हटल्यावर तो क्षणभर थांबतो. मग म्हणतो, "गाडी आत जाते ना, ताई? मग ३ करा." मागणी कमी करायला नवी नोटीस लागत नाही. वाढवायची असती तर लागली असती.

संध्याकाळी ५:००

अर्जदारांच्या घरी तयारी. सुनेने पोहे केले आहेत. टेबलावर नकाशे आणि फोटो. त्या रस्त्यावरची कितीतरी जुनी गॅरेजेस हद्दीला चिकटून आहेत, त्यांचे फोटो आम्ही घेऊन ठेवले आहेत.

सून विचारते, "ताई, आईंच्या गुडघ्यांचं सांगायचं ना? बर्फात त्यांना गाडीपर्यंत चालवतच नाही. खरं तर गॅरेज त्यांच्यासाठीच हवंय."

सासूबाई शेजारी बसून ऐकताहेत. याचं उत्तर देणं सोपं नसतं. मी सांगते, "सांगा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. बोर्ड माणसं आहेत, त्यांना कळेल. कायदा मात्र जमिनीची अडचण मोजतो, मालकाची नाही. आज तुम्ही राहता, उद्या घर विकाल. गॅरेज आणि व्हेरिअन्स जमिनीबरोबर राहणार. म्हणून जमिनीकडे बोट दाखवायचं. अरुंद प्लॉट, घराचा कोपरा, ओक, वळण."

काका मान हलवतात. "बरोबर आहे. कालव्याची मंजुरी मागताना आम्हीसुद्धा गावाचं दुःख शेवटी लिहायचो. आधी पातळी, उतार, क्षेत्र."

मुलगा म्हणतो, "आणि दोन घरं सोडून पलीकडच्यांचं दीड फुटावर आहे, ते?"

तेही जपून. दुसऱ्याला मिळालं म्हणून मला द्या, असं म्हणता येत नाही. प्रत्येक प्रकरण स्वतःच्या पायावर उभं राहतं. फोटो फक्त एवढंच दाखवतात की या रस्त्याचं रूप आधीपासून असं आहे आणि आमच्या गॅरेजने ते बिघडणार नाही. तेवढ्याच कामाला ते लावायचे.

शेवटची सूचना नेहमीची. विचारलं तेवढंच उत्तर द्या. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आजी बोलत असताना मध्ये बोलू नका.

संध्याकाळी ७:३०

सभागृह. अध्यक्ष सुरुवातीला निवेदन वाचतात की ही सभा राज्याच्या खुल्या सभांच्या कायद्याप्रमाणे रीतसर जाहीर झाली आहे. मंचावर बोर्डाचे ७ सदस्य, बाजूला बोर्डाचे वकील, इंजिनीअर आणि सेक्रेटरी. सदस्य या गावातलेच. दिवसभर आपापली नोकरी-धंदा करून संध्याकाळी इथे येऊन बसणारे. मला या मंडळींबद्दल फार आदर आहे. शेजाऱ्याच्या अंगणाचा निवाडा करणं हे कुणालाही आवडीचं काम नाही, आणि तरी ते कुणीतरी नीट केलं पाहिजे.

आमच्या आधी एक डेक आणि एक कुंपण आहे. मी शांतपणे दोन्ही ऐकते.

रात्री ८:२५

आमचं नाव पुकारलं जातं. उजवा हात वर करून शपथ. माझा परवाना आणि अनुभव विचारून मला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून मान्य केलं जातं. सुधारित नकाशाला ए-१, फोटोंना ए-२, सावलीच्या तक्त्याला ए-३ अशा खुणा होतात.

पहिल्या वाक्यातच सांगते की मागणी आता ३ फुटांवर आली आहे, म्हणजे व्हेरिअन्स ३ ऐवजी २ फुटांचा. मग प्लॉटची रुंदी, घराची जागा, गाडीचं वळण. आर्किटेक्ट साचा फिरवून दाखवतो. एक सदस्य विचारतात, गॅरेज १० फूट रुंदीचं का नाही? आर्किटेक्ट सांगतो की भिंतींची जाडी गेल्यावर गाडीचं दार उघडून माणूस उतरायला जागा उरत नाही. दुसरे सदस्य विचारतात, छपरावर खोली काढणार का? नाही. वरचा भाग माळ्यापुरताही उंच नाही. घरगुती उद्योग? नाही. इंजिनीअर शोषखड्ड्याचं माप विचारतात. काकांनी सुचवलेलं माप मी आकडेमोडीसह सांगते. ते वहीत लिहून घेतात आणि बांधण्यापूर्वी मातीची पाणी मुरवण्याची क्षमता तपासून घ्यायला सांगतात. रास्त सूचना आहे, आम्ही मान्य करतो.

मग लोकांना बोलायला सांगतात. आजी काठी टेकत समोर येतात आणि शपथ घेतात. त्यांचं म्हणणं थोडं आणि नेमकं आहे. तळघरात पाणी येतं. वाफ्याला ऊन हवं. आणि भिंतीकडे बघत जेवायला त्यांना नको आहे. अध्यक्ष मला विचारतात, काही करता येईल? मालकाकडे बघून मी सांगते की त्या बाजूच्या भिंतीत खिडकी ठेवणार नाही, भिंतीला घराच्याच रंगाची फळी लावू, आणि पन्हळीचं सगळं पाणी शोषखड्ड्यात जाईल, कुंपणाकडे एकही नळी सोडणार नाही. आजी विचारतात, हे लिहून देणार का? बोर्डाचे वकील म्हणतात, ठरावात अट म्हणून येईल.

रात्री ९:३५

चर्चा. एक सदस्य विरोधात आहेत. त्यांचं म्हणणं, ५ म्हणजे ५, नाहीतर नियमाला काय अर्थ? मी त्यांचं म्हणणं मनापासून ऐकते. असा एक माणूस बोर्डावर असलाच पाहिजे, कारण सूट सहज मिळू लागली की नियम पाळणारेच मूर्ख ठरतात. बाकीचे सदस्य प्लॉटच्या रुंदीकडे आणि वळणाकडे बोट दाखवतात. नावं पुकारून मतदान होतं. ६ होकार, १ नकार. अटींसह मंजूर. अंतर ३ फूट. दोन्ही बाजूंना पन्हळ. शोषखड्डा इंजिनीअरच्या मान्यतेने. उत्तरेच्या भिंतीत खिडकी नाही, १ तासाची आगरोधकता. वळचण ८ फुटांपेक्षा उंच नाही. ओक राखायचा. आणि पाया ओतल्यावर भिंती उभारण्याआधी सर्व्हेअरकडून जागेची मोजणी करून द्यायची, म्हणजे कागदावरचे ३ फूट जमिनीवरही ३ फूटच राहतील.

रात्री १०:१५

बाहेर पार्किंगमध्ये मालक विचारतो, "मग सोमवारपासून खोदायला सांगू?"

नाही. मत झालं तरी लेखी ठराव यायचा आहे. तो बोर्डाने ४५ दिवसांत मंजूर करायचा असतो, बहुधा पुढच्याच सभेत होतो. मग निर्णयाची सूचना प्रसिद्ध होते आणि तिथून ४५ दिवस कुणालाही न्यायालयात आव्हान देता येतं. त्याआधी बांधलं आणि निकाल फिरला तर खर्च तुमचा. बांधकामाचा परवाना वेगळा काढायचा. तोवर मातीची चाचणी करून घ्या, ती कुठल्याही परिस्थितीत उपयोगी पडेल. आणि उद्या आजींच्या घरी जाऊन या. नकाशाची प्रत त्यांना द्या. खड्डा कुठे, पन्हळ कुठे, हे काकांना समजावू द्या.

गाडीत बसल्यावर दिवसाची टिपणं फाइलला लावते. व्हेरिअन्स मागणं म्हणजे ओळख लावून काम करून घेणं, असं आपल्या लोकांत अजून पुष्कळांना वाटतं. काहीजण तो मागतच नाहीत, नियमात बसेल ते निमूट बांधून टाकतात. पण हे गॅरेज ५ फुटांवर, नियमाला धरून बांधलं असतं तर आजींना नोटीस गेली नसती. पन्हळीची, खड्ड्याची, खिडकीची, उंचीची एकही अट लागली नसती. छपराचं पाणी त्यांच्या कुंपणाशी आलं असतं आणि त्यांना बोलायला जागाच नसती. २ फूट मागावे लागले म्हणून शेजारशेजारची माणसं एका खोलीत बसली आणि पाण्याचा जुना प्रश्न कागदावर आला. उद्या सकाळी पहिलं काम ठरावाच्या मसुद्यातल्या अटी वकिलांना नीट शब्दांत पाठवायचं आहे. आजींना दिलेला शब्द तिथे अचूक उतरला पाहिजे.